रिमोट ॲप आणि प्लग-इन असले की ट्रायपॉड, रॉ नकोत?

नव्याने छायाचित्रण शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचे रिमोट ॲप आणि संगणकात नॉइज (फोटोतले दाणे) घालवणारे प्लग-इन, म्हणजे फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, असले की ट्रायपॉड लागत नाही, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, फोटो काढण्याचीही गरज नाही. निक कलेक्शन हा प्लग-इनचा संच तर फुकट मिळतो. आणि ॲप फोटो मोबाइलवर उतरवून घेतेच, म्हणून कार्ड लगेच रिकामे करावे, असे त्याचे म्हणणे आहे. यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

ट्रायपॉडचे आधी पाहू. रिमोट ॲपमुळे एकच हालचाल टळते, ती म्हणजे बटण दाबताना बोटाने कॅमेऱ्याला बसणारा धक्का. हरिश्चंद्रगडावर रात्री ताऱ्यांसाठी वीस-पंचवीस सेकंद शटर उघडे ठेवायचे असेल, तर तेवढा वेळ कॅमेरा स्थिर धरून ठेवण्याचे काम ॲप करू शकत नाही. ट्रायपॉड आहे आणि ॲप नाही, अशा वेळी कॅमेऱ्यातला २ सेकंदांचा सेल्फ-टायमर तो धक्का टाळतोच. ॲप खरे उपयोगी पडते ते जमिनीलगत कॅमेरा ठेवून फ्रेम जुळवताना किंवा स्वतःसह सर्वांचा फोटो घेताना. भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे उड्डाण टिपताना मात्र त्याच्यावर विसंबू नये, कारण वाय-फायवरून मोबाइलवर दिसणारे दृश्य किंचित उशिराने पोहोचते आणि तेवढ्यात थवा फ्रेमबाहेर गेलेला असतो. वाय-फायमुळे बॅटरीही लवकर उतरते. जोडणी सारखी तुटत असेल, तर मोबाइल डेटा बंद करून पाहावे; कॅमेऱ्याच्या वाय-फायवर इंटरनेट नसल्याने फोन अनेकदा आपणहून ते सोडून देतो.

रॉबद्दलचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कॅमेरा स्वतः प्रक्रिया करून देतो त्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी प्रकाशाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. शिवाय जेपेग तयार करताना कॅमेऱ्याने आपल्या परीने नॉइज पुसलेला असतो आणि त्याबरोबर बारीक पोतही गेलेला असतो. प्लग-इन मग उरलेल्या माहितीवरून पोत अंदाजाने रचते आणि चेहरे मेणाचे दिसू लागतात. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ मध्ये एआय डीनॉइज ही नॉइज घालवणारी सोय आली, तेव्हा ती फक्त रॉ फाइलवर चालत होती, हे येथे लक्षात घ्यावे. वारीत भर दुपारी वारकऱ्यांच्या सदऱ्याचा पांढरा रंग पूर्ण जळाला, तर कोणतेही प्लग-इन तिथली खरी वीण परत आणत नाही. प्लग-इन वापरूच नये, असे मी म्हणत नाही, मी स्वतः ते वापरतो. फोटोशॉपमध्ये आधी लेयर (फोटोचा थर) मूळ माहिती जपणारा 'स्मार्ट ऑब्जेक्ट' करून घ्यावा, म्हणजे परिणाम नंतर कमी-जास्त करता येतो, आणि तो १०० टक्के आकारात तपासूनच ठरवावा. लाइटरूममधून बाहेरच्या प्लग-इनकडे जाणारी प्रत वेगळी बनते. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ फाइल संकोचन न करता सुमारे १४४ एमबी होते, एवढी जागा हिशेबात धरावी.

निक कलेक्शन गूगलने मार्च २०१६ मध्ये मोफत केले होते, हे खरे. पण २०१७ मध्ये ते डीएक्सओ कंपनीकडे गेले आणि त्याच्या नव्या आवृत्त्या विकत घ्याव्या लागतात. अनोळखी दुव्यावरून 'मोफत' प्रत उतरवून घेऊ नये.

राहिले कार्ड. निकॉनचे स्नॅपब्रिज हे ॲप फोटो आपोआप पाठवते तेव्हा सहसा २ मेगापिक्सेलची लहान प्रत पाठवते. मोबाइलच्या पडद्यावर ती सुरेख दिसते, पण ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायला घेतली तर पोस्टकार्डाच्या आसपासच्या आकारापुढे जात नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मामेबहिणीच्या लग्नानंतर त्याच रात्री कार्ड फॉरमॅट केले आणि भिंतीवर लावण्याजोगा एकही फोटो त्या घराकडे उरला नाही. मूळ फाइली संगणकावर आणि आणखी एका डिस्कवर उतरवून, त्या उघडून पाहिल्याशिवाय कार्डाला हात लावू नका.