इशापूरची टू-ए-वन फुटते म्हणे!

इथे अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली जमवणारी आम्ही चार मराठी टाळकी आहोत. गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तिघांकडून आला. मजकूर असा: इशापूरच्या टू-ए-वनच्या, म्हणजे भारतात बनलेल्या त्या लष्करी रायफलीच्या, वाटेला जाऊ नका, जुन्या थ्री-नॉट-थ्रीला (ली-एनफिल्ड रायफलीला) ७.६२ मिमीची नळी ठोकून ती केलीय, एक दिवस तोंडावर फुटेल. त्यापेक्षा सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारी, आतून चकचकीत नळीची कुठलीही रायफल डोळे झाकून घ्या.

‘नळी ठोकून केलीय’ हे आधी. दिसायला ती थ्री-नॉट-थ्रीची जुळी बहीण आहे, त्यामुळे गैरसमज होतो हे कबूल. पण इशापूरच्या कारखान्यात १९६०च्या दशकात ही रायफल नव्याने, जास्त मजबूत पोलादाची घडवली गेली. मॅगझिन बदललं, त्यात दहाऐवजी बारा गोळ्या. १९६५पासून नेम धरायच्या मागच्या साइटवरचे २००० मीटर ८०० झाले आणि टू-ए ची टू-ए-वन झाली. कुणी खरोखरच जुन्या थ्री-नॉट-थ्रीला ७.६२ची नळी बसवली असेल, तर तिला मीही हात लावणार नाही. पण ती वस्तू वेगळी.

पुढच्या लाकडातून गेलेला आडवा स्क्रू म्हणजे ‘हिच्यावरून ग्रेनेड मारलेत’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. तो स्क्रू लाकूड फाटू नये म्हणून आहे. ग्रेनेडवाल्या रायफलींना तारेचे वेढे असायचे.

मग आकड्यांचा घोळ. म्हणे बाजारातल्या .३०८ काडतुसाचा (७.६२च्या नागरी भावंडाचा) दाब ६२,००० आणि लष्करी ७.६२चा ५०,०००, म्हणजे १२,०००चा जादा ताण! अहो, पहिला आकडा इलेक्ट्रॉनिक सेन्सरने मोजलेला, दुसरा तांब्याची गुटी किती चेपली त्यावरून काढलेला. एक किलो, एक शेर. वजाबाकी कसली करता? तांब्याच्याच पद्धतीने .३०८ची कमाल मर्यादा ५२,०००च्या आसपास येते. तरी मी टू-ए-वनमध्ये लष्करी मापाचीच गोळी घालतो. साठ वर्षांच्या बाईला कशाला पळवा?

नंबर जुळणं, हा मुद्दा मात्र किमतीशी बांधलेला आहे. संग्राहक त्याचे पैसे मोजतात, खरंय. पण सोव्हिएत मोसिन-नागांत पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारोंनी दुरुस्तीला गेल्या, सुटे भाग एका ढिगात, जोडणी दुसऱ्या ढिगातून, आणि मग बोल्टवरचा (नळी मागून बंद करणाऱ्या खिळीवरचा) जुना नंबर खोडून नवा ठोकलेला. इथल्या एका प्रदर्शनात मी भिंगाखाली पाहिलं: बोल्टवर जुन्या आकड्यावरून ओढलेली रेघ, शेजारी ताजा नंबर. विकणारा ‘ऑल मॅचिंग’ म्हणून दर लावून बसलेला. खैबर खिंडीतल्या कारागिरांनी केलेल्या इंग्रजी रायफलींच्या नकला तर याहून बहारदार. राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये गेली, आखूड ली-एनफिल्ड आली त्यानंतर. आणि शिक्का काय, तर ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा! त्यातही अक्षर उलटं.

चकचकीत नळीचंही तसंच. एनसीसीत नळी साफ करायचा पुल-थ्रू ओढलेल्यांना आठवेल, दोरीला चिंदी लावायची आणि सरळ ओढायची. वर्षानुवर्षं तिरकी ओढली, की दोरी नळीचं तोंडच एका बाजूने खाते. आत आरसा, तोंडाशी अंडाकृती भोक. अशा रायफलची गोळी कुठे जाईल ते गोळीलाच ठाऊक. उलट क्षार असलेल्या जुन्या काडतुसांनी काळवंडलेली, पण आतले पीळदार आटे शाबूत असलेली नळी बऱ्याचदा नीट मारते.

‘सैन्याची आहे, डोळे झाकून घ्या’ याला काय म्हणावं? सैन्याने ती काढून टाकलीय म्हणून तर ती विकायला आलीय.

माझी टू-ए-वन १९६७ची. दस्त्यावर खाचा, काळा रंग उडालेला, विकणाराच ओशाळलेला. मी खिशातून दोन गेज काढले, काडतुसाच्या जागेची खोली तपासायचे पोलादी ठोकळे. बोल्ट बोटानेच ढकलायचा, जोर लावायचा नाही. ‘गो’ गेजवर तो बंद व्हायला हवा, झाला. ‘फील्ड’ गेजवर होता कामा नये. बोल्टची दांडी अर्ध्यावर येऊन थांबली. पुन्हा एकदा करून पाहिलं, तिथेच थांबली. मग घासाघीस न करता पैसे मोजले.