रिमचा इंच जुळला म्हणून चाक जुळत नाही

जुन्या दुचाकी हौसेने उभ्या करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: ‘जावा, येझदी, बुलेट, आरएक्स १००, गाडी कुठलीही असो, रिमचा इंच जुळला की चाक बसतं. एक्सल (चाकाची धुरा) जाड-बारीक निघाला तर लेथवर बुश मारून घ्या. डिस्कचा पुढचा सेट घातला की ब्रेक डबल. शॉकअप लांब घेतले की गाडी मऊ. अर्ध्या दिवसाचं काम.’ यातलं प्रत्येक वाक्य अर्धवट आहे, आणि ब्रेकच्या बाबतीतला अर्धवटपणा जिवावर बेतू शकतो.

आधी इंचाचं बघू. इंच रिमचा असतो, रस्त्याला टेकतो टायर. आरएक्स १००च्या पुढच्या २.५०-१८ (अडीच इंच रुंद, १८ इंची रिमचा) टायरचा बाहेरचा व्यास साधारण ५८४ मिमी भरतो. १७ इंची अलॉयवर ८०/१००-१७ टायर चढवला तर ५९२ मिमी. म्हणजे रिम एक इंचाने लहान आणि चाक मात्र मोठं! उलट, जुन्या जावाचं ३.२५-१६ चाक ३.२५-१८च्या जागी फक्त पुढे लावलं, तर एक्सल २५ मिमी खाली येतो आणि गाडी पुढे झुकते. हँडल ज्या दांड्याभोवती वळतं त्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर टायर टेकतो त्याच्या पुढे ती जिथे पोहोचते, ते अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ धावते ती या ट्रेलमुळे. दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल २७ अंश, फोर्कचा ऑफसेट (त्या रेषेपासून एक्सल जितका पुढे असतो ते अंतर) ५० मिमी आणि दोन चाकांमधलं अंतर १३०० मिमी धरलं, तर या एका बदलाने ट्रेल १०२ वरून सुमारे ८३ मिमीवर येतो. गावात गाडी हलकी वळते म्हणून आनंद होतो, हायवेवर ७०-८०ला हँडल थरथरायला लागू शकतं. पुढची-मागची दोन्ही चाकं १६ची काढून १८ची घातली तर तोल फारसा बिघडत नाही. पण गिअरिंग ९ टक्क्यांनी लांब होतं (चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते), स्पीडोमीटर जवळपास तेवढाच कमी दाखवतो आणि शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो.

‘बुश मारून घ्या’ म्हणजे एक्सल आणि बेअरिंगमधली फट नळीने भरून घ्या. हे चालतं, पण कुठे आणि कसं ते कुणी सांगत नाही. एक्सल बारीक असेल तर स्टीलचा, बेअरिंगच्या पूर्ण रुंदीचा बुश करावा. पत्र्याची गुंडाळी किंवा दोन तुकडे नकोत. एक्सल जाड असेल तर हब (चाकाचा मधला भाग) न कापताही मार्ग असतो. ६२०२ बेअरिंग १५×३५×११ मिमीचं (भोक × बाहेरचा व्यास × रुंदी), ६००३ हे १७×३५×१०चं. हबमधलं घर तेच, भोक २ मिमी मोठं. रुंदीतली फट भरायला १ मिमीचा शिम (पातळ चकती) द्यावा लागतो आणि भार सोसण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते, म्हणून हलक्या गाडीच्या पुढच्या चाकाला चालेल, बुलेटच्या मागच्या चाकाला नको.

बेअरिंग अनेकदा फुटतात ती मात्र बुशमुळे नाही, दोन बेअरिंगमधल्या नळीमुळे. एक्सलचा नट आवळला की तो दाब आतल्या रिंगांवरून या नळीतून जातो. नळी जराशी आखूड असेल तर रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्या जाम होतात. पारख सोपी आहे: नट ढिला असताना चाक मोकळं फिरतं आणि आवळल्यावर जड होतं, तर नळी आखूड आहे. नट ढिला ठेवून गाडी चालवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता ब्रेक प्लेट, म्हणजे ड्रम ब्रेकचे शू जिच्यावर बसतात ती न फिरणारी तबकडी. ड्रम ब्रेक दाबला की प्लेट चाकाबरोबर फिरायला बघते. तिला फोर्कच्या नळीवरचा खिळा अडवतो, मागच्या चाकाला टॉर्क आर्म, म्हणजे प्लेट धरून ठेवणारी पट्टी. दुसऱ्या गाडीच्या चाकाची खाच त्या खिळ्यावर नीट बसत नसेल आणि कुणी खिळा कापून टाकला, तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागीच अडतं. प्लेट धरायला पक्की सोय होत नसेल तर तो बदल सोडून द्यावा. टॉर्क आर्मच्या बोल्टला स्प्लिट पिन हवीच.

‘डिस्क म्हणजे डबल ब्रेक’ यात आणखी दोन गफलती आहेत. जुन्या बुलेटच्या फोर्कच्या नळ्या वर थेट हेडलाइटच्या कॅस्केटमध्ये (हेडलाइटच्या घरात) आट्यांनी बसतात, म्हणजे ते कॅस्केटच वरची टी (फोर्कच्या दोन्ही नळ्या वरून धरणारा भाग) आहे. परका फोर्क घालायचा तर कॅस्केट जातं, आणि स्टेमची (वळणाऱ्या दांड्याची) लांबी, कोनसेट (त्याची बेअरिंग), ऑफसेट सगळं नव्याने जुळवावं लागतं. दुसरं, कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) एका गाडीचा आणि मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, तेलाला दाब देणारा) दुसरीचा असं करू नये. १२.७ मिमीच्या जागी १५.९ मिमीचा मास्टर सिलिंडर लावला, तर तेवढ्याच बोटांच्या जोरात ब्रेकला सुमारे ६४ टक्केच दाब मिळतो. लिव्हर कडक लागतो म्हणून ब्रेक चांगला झाला असं वाटतं, आणि थांबायचं अंतर वाढलेलं असतं.

शॉकअपचं गणितही जाहिरातीत नसतं. स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या) पिनपासून शॉकअपचा डोळा किती दूर आणि एक्सल किती दूर, या गुणोत्तराच्या वर्गाने स्प्रिंगचा जोर चाकाला मिळतो. गुणोत्तर ०.९५ असताना ९० टक्के, ०.८ असताना ६४ टक्के. म्हणून एकच शॉकअप एका गाडीवर दगड आणि दुसरीवर लोळागोळा होतो. १०३ किलोच्या आरएक्सला बुलेटचे शॉकअप घालून गाडी मऊ होत नाही, उडते. २० मिमी लांब शॉकअपने मागची बाजू उचलली जाते, ट्रेल पुन्हा घटतो, डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीला लागतं. चेनची ढील शॉकअप काढून तपासावी: पुढचा स्प्रॉकेट, स्विंग आर्मची पिन आणि एक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वांत ताणलेली असते. तिथेही थोडी ढील उरली पाहिजे.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाला उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेऊ देत नाही. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. जुनी जावा कापण्याआधी याचा विचार व्हावा, कारण कापलेला ब्रॅकेट परत उगवत नाही.

बदल झाल्यावर मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढचं चाक मधोमध येतं का ते पाहावं. पहिल्या ५० किमीनंतर स्पोक पुन्हा ताणावेत, हबला हात लावून पाहावा. हब चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक शू घासतोय. त्याच दिवशी चाक काढावं.