स्मारक उभारलं म्हणजे रणांगण जपलं?

"रणांगण म्हणजे नुसतं रान. एक स्मारक उभारलं की इतिहास जपला. बाकीची जमीन अडवून ठेवणं हे हल्लीचं सरकारी खूळ, तेही जेत्यांच्या कौतुकासाठी." हा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी स्मारकाचं पाहू. बेल्जियममधल्या वॉटर्लूची लढाई, नेपोलियनच्या पराभवाची, १८१५ ची. नेदरलँड्सचा राजपुत्र जिथे जखमी झाला, तिथे १८२६ पर्यंत सुमारे ४० मीटर उंचीची टेकडी रचून वर सिंह बसवला. माती आणली त्याच रणांगणातून! नेपोलियनविरुद्ध लढणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याने ज्या उंचवट्याआड सैन्य दडवलं होतं, तोच खरवडला गेला. लढाई तशी का झाली हे जमीन सांगत होती, आणि स्मारकापायी तीच बदलली. जागेला संरक्षण देणारा कायदा बेल्जियमने केला तो थेट १९१४ मध्ये.

"नुसतं रान" म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नकडे पाहावं. १८७६ मध्ये तिथे लाकोटा आणि शायान या मूलनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टरची तुकडी संपवली. १९८३ च्या वणव्यात गवत जळालं आणि पुढच्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ धातुशोधक यंत्रं घेऊन उतरले. सापडलेल्या काडतुसाच्या प्रत्येक पुंगळीची जागा नोंदवली. तिच्यावरच्या खुणांवरून एकेक बंदूक कुठून कुठे सरकली ते उलगडलं. योद्ध्यांकडे रिपीटर, म्हणजे एकदा भरून अनेक गोळ्या झाडणाऱ्या, रायफली भरपूर होत्या, हेही मातीनेच सांगितलं. तिथे घरं उठली असती तर हे कायमचं गेलं असतं.

जेत्यांचं कौतुक? याच जागेचं कस्टरच्या नावाने असलेलं नाव १९९१ मध्ये बदललं आणि २००३ मध्ये मूलनिवासी योद्ध्यांचं स्मारक झालं. स्कॉटलंडमधल्या कलोडनला तर १८८१ मध्ये शिळा बसल्या त्या १७४६ मध्ये हरलेल्या कुळांच्या कबरींवर.

आणि "हल्लीचं सरकारी खूळ" तर सपशेल चूक. अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई जुलै १८६३ ची. तिथली जमीन जपणारी खासगी संस्था एप्रिल १८६४ मध्ये स्थापन झाली, युद्ध अजून चालूच होतं. सरकार आलं १८९५ मध्ये. जमीनमालकाच्या हक्काची काळजी मात्र रास्त आहे, ती मी झटकणार नाही. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गेटिसबर्गच्याच खटल्यात १८९६ मध्येच ठरवलं की रणांगण जपण्यासाठी सरकारला जमीन घेता येते, मोबदला देऊन. समोर होती विजेवरच्या ट्रामची कंपनी. निकाल लागेपर्यंत तिने रुळांसाठी तिथले खडक सुरुंगांनी फोडलेही होते.