करंजाचं आळं बुजवलं

आज प्रचंड संताप झालाय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

ठाण्यात पाचपाखाडीला माझ्या भाचीच्या शाळेच्या फाटकाबाहेर एक करंज आहे. फार मोठा नाही, फांद्या जेमतेम पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकतात. आज दुपारी तिला आणायला गेले, तर बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले आणि मधल्या फटीत सिमेंटचा माल ओतलेला. अजून ओलाच होता. चौथीची पोरं दप्तरं पाठीला, बाटल्या हातात, अशी झाडाभोवती उभी. पाणी ओतायचं कुठे ते कळेना, म्हणून नुसतीच उभी.

बाटल्यांचं सांगायला हवं. यांच्या वर्गाच्या बाईंनी जूनमध्ये हे झाड वर्गाच्या ताब्यात दिलं. शिपाईकाकांनी पहारीने माती उकरून दिली, पोरांनी हाताने आळं केलं, कडेला विटांचे तुकडे लावले. पाऊस संपल्यापासून नियम असा, की घरी जाताना बाटलीत उरलेलं पाणी मोरीत नाही, आळ्यात ओतायचं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोघांची नावं असतात, त्यांनी आळ्यातला कचरा काढायचा, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, जे असेल ते चिमट्याने. आणि एक वही आहे. भाचीने मध्ये त्यात लिहिलं होतं, ‘आज नवीन पान आलं. ते चॉकलेटी आहे. मोठं झालं की हिरवं होतं. जुन्या पानावर पांढरे डाग आहेत, बाई म्हणाल्या आत अळी राहते. आम्ही पान तोडलं नाही.’ हे मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. एवढं बारीक बघणं मला चौथीत जमलं नव्हतं. तिसरीला ठाणे जिल्ह्याचा भूगोल होता तेव्हा, पालघर-डहाणू-जव्हार सगळं आपल्याच जिल्ह्यात. नद्यांची नावं घडाघडा म्हणायचो, पण शाळेच्या दारातलं झाड कसलं हे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

या पोरांना ते झाड माहीत आहे, आणि त्यांच्यादेखत त्याचा गळा आवळला.

फूटपाथ सपाट हवा, मान्य आहे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे चालवत नाही, तिला सपाट रस्ता मिळाला तर मलाच बरं वाटेल. पण बुंध्याभोवती हातभर माती सोडली तर कोणाचं अडतं? झाडाला पाणी लागतं तसं मुळांना हवाही लागते. वरून सगळं बंद केलं की दोन्ही तुटतं. खोड जाड होत जातं आणि ते सिमेंट त्याला कापत जातं. ठाण्यात वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सगळा ब्लॉकवरून घरंगळत गटारात जाणार. मुळं कमजोर झाली की जुलैच्या एखाद्या वाऱ्यात झाड कोणाच्या तरी गाडीवर पडणार, आणि मग आपणच म्हणणार की ही झाडं धोकादायक आहेत, तोडा. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच आदेश दिलाय की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. म्हणजे ही गोष्ट काही आज नव्याने कळलेली नाही. आपल्याकडे झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. तो फक्त कुऱ्हाड चालली तरच आठवायचा का?

काम करणाऱ्या माणसांवर माझा राग नाही, हे आधी सांगते. त्यांच्यातल्या एकाला भाचीच्या वर्गातल्या मुलाने विचारलं, “काका, आता पाणी कुठून जाणार?” तो माणूस काही बोललाच नाही आधी. मग मला म्हणाला, “ताई, आम्हाला कोणी सांगितलं नाही. पट्टा सरळ घ्या म्हणाले, घेतला.” त्याने विटांचे तुकडे फेकले नव्हते, भिंतीशी रचून ठेवले होते. त्याला कळलं असावं की हे कोणीतरी मुद्दाम लावलंय. उन्हात गुडघ्यावर बसून ब्लॉक ठोकणाऱ्या माणसावर काय चिडायचं?

चीड आली ती पालकांच्या ग्रुपवर. फोटो टाकला, तर पहिला रिप्लाय, ‘दुसरं लावू की, त्यात काय.’ दुसरा, ‘निदान आता चिखल तरी होणार नाही.’ तिसऱ्या बाईंनी संधी साधून लिहिलं की मुलांना कचरा उचलायला लावणं मुळात चूकच आहे, अभ्यास बुडतो. आता या तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. मोठ्यांनी टाकलेला कचरा लहानांकडून उचलून घ्यायचा, बॅनर धरून फोटो काढायचा, हे मलाही पटत नाही, आणि असं करणाऱ्या शाळा आहेत. पण इथे तसं नव्हतं. इथे बॅनर नव्हता. फळ्यावर दोन नावं होती आणि एक वही होती. दुसरं लावू म्हणणाऱ्यांना कसं समजवायचं की पोरांचं झाड हेच आहे? आजी आजारी पडली तर दुसरी आणू म्हणाल का?

आपण मोठी माणसं ५ जूनला काय करतो ते आठवा. महाराष्ट्रातल्या शाळा त्या दिवशी उघडलेल्याही नसतात. तरी सुट्टीतल्या मुलांना बोलावून घ्यायचं, हातात रोप द्यायचं, फोटो काढायचा. मग वर्षभर चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी, ‘झाडे लावा, झाडे जगवा’. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं त्याला १९९१ पासून किती काळ लोटला. विषय आहे, पुस्तक आहे, गुणही आहेत. मुलं शिकत नाहीत अशी तक्रार कोणी करू नका. मुलं शिकतात. आमच्या घरातले फटाके भाचीने बंद केले, तिच्या बाबांनी नव्हे. गणपतीला शाडूचीच मूर्ती हवी म्हणून ती रुसून बसली होती आणि आम्ही सगळे गप ऐकलं. चटकन ऐकलं, कारण त्यात आपलं कौतुक होतं.

करंजाच्या वेळी मात्र तिचं ऐकायला कोणी नाही. घरी आल्यावर तिने मला विचारलं, “मावशी, त्यांना माहीत नव्हतं का ते आमचं आहे?” मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, “मग पाटी लावायला हवी होती.” रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती पाटी करायला बसली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कारण तिच्यासमोर मलाच भरून आलं असतं.

काहीजण म्हणतील एका झाडासाठी एवढं काय, तिकडे खाडीत खारफुटीचं काय चाललंय ते बघा. बघते ना. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली तेव्हा आपण सगळ्यांनी फ्लेमिंगोंचे फोटो टाकले होते, मीही टाकला होता. ऐरोलीला जाऊन बोटीतून पक्षी दाखवले पाहिजेत मुलांना, जरूर दाखवा. पण नऊ वर्षांच्या पोराच्या हातात खाडी नसते. त्याच्या हातात अर्धी बाटली पाणी असतं आणि दाराबाहेरचं आळं असतं. तेही आपण त्याला न विचारता बुजवणार असू, तर पुढे हाच मुलगा खारफुटीसाठी कशाला उभा राहील? त्याला आजच कळलंय की आपण केलेलं कोणीही येऊन पुसून टाकतं, आणि मोठी माणसं ग्रुपवर अंगठा दाखवतात.

असो. बाईंशी फोनवर बोलले. त्या शांत आहेत माझ्यापेक्षा. म्हणाल्या, वर्गाने आज शेवटच्या तासाला अर्ज लिहिलाय, मागणी एकच, बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून माती मोकळी करून द्या. खाली सगळ्यांच्या सह्या. शुद्धलेखन सुधारलेलं नाही, तसाच देणार आहेत.

उद्या सकाळी अकरा वाजता बाई, मी आणि आणखी दोन पालक तो अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला जातोय. सिमेंट पूर्ण धरायच्या आत काढलं तर मुळांना कमी धक्का बसेल, म्हणून ही घाई. नौपाडा, चरई, पाचपाखाडीतलं कोणी येऊ शकत असेल तर आज रात्रीच मेसेज करा. वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज कसा द्यायचा, पोच कशी घ्यायची, याचा कोणाला अनुभव असेल तर तोही लिहा. आणि तुमच्या गल्लीत असा बुंधा दिसला तर फोटो काढून ठेवा, जागेचा पत्ता टाकून. एकाच अर्जाला जोडता येतील.