नोटिशीचे पैसे

आज सकाळी मावसभावाचा बर्मिंगहॅमहून फोन. ऑक्टोबरात त्याची कंपनी बुडाली. सगळ्यांना एका व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि दहा मिनिटांत ‘उद्यापासून येऊ नका’. सात वर्षांची नोकरी. आज पठ्ठ्या तणतणत होता, कारण नोटीस न देता काढलं म्हणून मिळायच्या पैशांतून काही कापून घेतले. मधल्या काळात दोन आठवडे त्यानं पार्सलं पोचवायचं काम केलं होतं, तेवढी कमाई वजा केली म्हणे.

मी म्हटलं, थांब. पैसे दिले कोणी?

“सरकारनं. कंपनीकडे कुठायत, ताई?”

मला दोन मिनिटं बोलताच येईना. चिडू का हेवा करू?

आमच्या घरात ‘उद्यापासून येऊ नका’ याला इतिहास आहे. २००२ साली बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूमला होते. दुसऱ्या पाळीला गेले तर गेटला टाळं आणि वर टाइप केलेला एक कागद. बाबांचा मायक्रोमीटर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, आत लॉकरमध्ये. कंपनीचा नव्हे, स्वतःचा. एका दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, मिटुटोयोचा. आईला त्या वर्षी साडी मिळाली नव्हती, ते ती अजून ऐकवते. बाबा वॉचमनला म्हणाले, पाच मिनिटं सोड, माझी वस्तू घेऊन येतो. तो तरी काय करणार? त्याचाही पगार थकलेला.

कायद्यानं एक महिन्याची नोटीस, नाहीतर तेवढा पगार. ही कायद्यातली गोष्ट झाली. कंपनी बीआयएफआरला, म्हणजे आजारी कंपन्यांच्या सरकारी मंडळाकडे गेली, मग हायकोर्टात, मग मालमत्ता विकून देणी भागवणारा लिक्विडेटर. कोर्टाचं सील लागलं. बाबांनी फॉर्म भरला, प्रतिज्ञापत्र केलं, पगाराच्या पावत्या जोडल्या, युनियनच्या ऑफिसात खेटे घातले. चेक आला २०१३ मध्ये. अकरा वर्षांनी! तोही मागितलेल्याच्या निम्म्याहून कमी. तोवर माझं लग्न झालं होतं, तेही कर्ज काढून.

भावाच्या तिथला नियम समजून घेतला. दोन वर्षांच्या पुढे नोकरीच्या दर वर्षामागे एक आठवड्याची नोटीस, जास्तीत जास्त बारा. मालकाचं दिवाळं निघालं तर ते पैसे सरकारच्या नॅशनल इन्शुरन्स फंडातून मिळतात. त्याच्या केसला मर्यादा होती आठवड्याला ७१९ पौंड. थकलेला पगार आठ आठवड्यांपर्यंत वेगळा. आणि खरी गंमत पुढे आहे. कामगाराला पैसे देऊन झाले की सरकार त्याच्या जागी स्वतः घेणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहतं. कंपनीचं भंगार विकून उद्या जे काही येईल, त्यातून वसूल करायची कटकट सरकारची.

एवढंच हवंय हो! रांगेत कोणीतरी उभं राहणारच आहे. मग ज्याच्याकडे वकील आहेत, ज्याला दहा वर्षं थांबलं तरी फरक पडत नाही, ज्याच्या घरी महिनाअखेरीला गॅस संपत नाही, त्यानं राहावं ना. माझ्या बापानं का?

आता कुणीतरी येऊन सांगेल की २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं धरतात. धरतात, माहितीये. पण त्याच्याआधी प्रक्रियेचा खर्च, आणि सगळं मिळणार कधी, तर विकलं गेल्यावर. रांगेत पुढचा नंबर दिलात, खिडकी उघडलीत का? नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात कमी केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं १५ दिवसांचा पगार पुनःकौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत भरायचा आहे. कोणी भरायचा? मालकानं! ज्याचं दिवाळं वाजलंय त्यानं! हसावं की रडावं?

हो, नोकरी गेलेल्यांसाठी ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. ९० दिवसांपर्यंत अर्धा पगार, तोही आयुष्यात एकदा. ती बाबांच्या वेळी नव्हतीच. नाहीपेक्षा बरी, एवढं म्हणते आणि पुढे जाते.

पैसे कुठून आणायचे, हे मला कृपया विचारू नका. शेजारच्या काकूंची सहकारी बँक बुडाली तेव्हा त्यांना विम्याचे पैसे मिळालेच. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे आणि हप्ता बँका भरतात. तुमच्या-माझ्या पीएफबरोबर मालक अर्धा टक्का ईडीएलआयचा भरतो, म्हणजे नोकरीत असताना माणूस मेला तर विमा आहे. कंपनी मेली तर काही नाही. लावा ना अजून पाव टक्का. काही बनेल मालक मुद्दाम हात वर करतील, सरकार देतंय म्हणून. करतील, मान्य. त्यांना धरा. आत्ता तरी कोण धरतंय?

जाऊ दे. लिहिता लिहिता फारच वर गेला आवाज. भाऊ बिचारा, त्याच्यावर कशाला राग. त्याचे दोन आठवडे कापले त्याचं त्याला दुःख असणारच, दोन लहान पोरं आहेत.

संध्याकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. चहा पिता पिता ऐकत होते. सरकारनं दिले म्हटल्यावर “बरं झालं” म्हणाले, किती दिले विचारलंच नाही. मग कप ठेवून म्हणाले, “आणि त्याचं सामान? टेबलात वगैरे असेल ना काही त्याचं. ते दिलं का आणू?”

मी विचारलंच नव्हतं. उद्या फोन करते.