सांगली-साताऱ्यातून भाषाविज्ञान शिकायचंय? तीन अधिक दोनचा हिशेब करा

बारावीनंतर भाषाविज्ञान (भाषेची रचना आणि वापर यांचा शास्त्रीय अभ्यास) शिकायचं ठरवलेल्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे, पण फॉर्म भरायच्या आधी पूर्ण वाचा.

आपल्याकडच्या कॉलेजांच्या माहितीपत्रकात मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत हे विषय दिसतात. भाषाविज्ञान त्यांच्याच पोटात एखाद-दोन पेपरांपुरतं असतं. ते बघून मुलं दोन चुका करतात. काही जण विषयच सोडून देतात. बाकीचे "इंग्रजी स्पेशल घेतलं की झालं" म्हणून तीन-चार वर्षं कादंबऱ्या आणि समीक्षेत घालवतात. साहित्य वाचणं चांगलंच, पण त्यातून स्वनविज्ञान (बोलण्यातल्या ध्वनींचा अभ्यास) येत नाही की वाक्यविचार (वाक्यरचनेचा अभ्यास) येत नाही.

माझं स्पष्ट मत असं: पदवी इथंच करायची असेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन कॉलेजातून बाहेर पडा आणि दोन वर्षांचं भाषाविज्ञानातलं एम.ए. करा. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे आणि त्यानंतर एक वर्षाचं एम.ए. करता येतं. एक वर्ष वाचलं असं कागदावर वाटतं, पण चौथं वर्ष तुमच्या मुख्य विषयाचं असतं. मराठी किंवा इंग्रजी साहित्यात ते गेलं, तर भाषाविज्ञानाला उरतं एकच वर्ष, तेही विषय बदलून तिथे प्रवेश मिळाला तर. ध्वनी, रूप, वाक्य, अर्थ, भाषेचा इतिहास, समाजातला भाषाव्यवहार, क्षेत्रकार्य (लोकांमध्ये जाऊन भाषेच्या नोंदी घेणं) हे सगळं एका वर्षात बसत नाही. तीन अधिक दोन आणि चार अधिक एक, दोन्हींची बेरीज पाचच होते. पहिल्या वाटेत विषयाला दुप्पट वेळ मिळतो. अपवाद एकच: चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स मिळत असेल (त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात) आणि बोलीवर किंवा व्याकरणावर प्रकल्प करून घेणारा मार्गदर्शक कॉलेजात खरोखर असेल, तर चौथ्या वर्षासाठी तिथेच थांबा.

मुख्य विषय कोणता घ्यावा? संस्कृत शिकवणारे चांगले प्राध्यापक असतील तर संस्कृत. पाणिनीची पद्धत समजलेल्या मुलाला नियम, नियमांचा क्रम आणि अपवाद या गोष्टी पुढे परक्या वाटत नाहीत. नाहीतर मराठी, पण अभ्यासक्रमात व्याकरणाचे आणि भाषाविज्ञानाचे पेपर कोणत्या सत्रात आहेत ते प्रवेशाआधी बघून. शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर मिळतो. साताऱ्याची काही कॉलेजं आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, तो स्वतंत्र बघा. विज्ञान शाखेतल्यांनी घाबरून कला शाखेकडे पळू नये. संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेऊन पदवी झाली तरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) हे गुण मिळवायचे सोपे विषय समजून निवडले जातात. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कला शाखेतल्या विद्यार्थ्याने मायनरला मानसशास्त्र घ्यावं आणि ओपन इलेक्टिव्हला संख्याशास्त्राची किंवा प्रोग्रॅमिंगची तोंडओळख. मात्र यादीत छापलेला प्रत्येक पर्याय वर्गात शिकवला जातोच असं नाही. विद्यार्थी कमी पडले किंवा प्राध्यापक नसले की तो बंद होतो. प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजात जाऊन "यंदा हा विषय प्रत्यक्ष चालू होणार का?" असं विचारा. उरलेली कसर स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचांवरच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमांनी भरून निघते. व्याख्यानं फुकट असतात, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर.

आता या विषयाचा आपल्या भागाशी असलेला संबंध. सांगलीजवळचं कुपवाड जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवलं जातं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर निबंध प्रसिद्ध केला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्दाच्या जागी शब्द ठेवत एका भाषेतून दुसरीत जाता येतं, पण शब्दसंग्रह प्रत्येक समाजाने आपापला राखला, असा त्यांचा निष्कर्ष होता. आज कुपवाड महापालिकेत आहे, एमआयडीसी आहे. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी अलीकडच्या काळात तिथे पुन्हा अभ्यास केला आहे. जत तालुक्यात कन्नड घरात बोलली जाते, मिरजेत दख्खनी (उर्दूची दक्षिणेकडची बोली) ऐकू येते, दोन्ही जिल्ह्यांत कैकाडी आणि वडारी बोलणारी कुटुंबं आहेत. या दोन्ही भाषा द्राविडी कुळातल्या. अभ्यासाची इतकी सामग्री दाराशी असताना फक्त पुस्तकातली उदाहरणं पाठ करणं मला पटत नाही.

म्हणून पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी एक छोटं काम करा.

पहिल्या वर्षी फक्त कान तयार करा. "चार" मधला च आणि "चारा" मधला च वेगळे आहेत, अक्षर एकच. असे शब्द गोळा करा, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत (प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह असलेल्या लिपीत) लिहायला शिका. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेला प्राट हा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यात ध्वनीचं चित्र बघा.

दुसऱ्या वर्षी बोलीतला एकच व्याकरणिक मुद्दा घ्या. "करतोय" च्या जागी "करायलाय" कोण म्हणतं? कोणत्या तालुक्यात, कोणत्या वयाचे, घरात की कॉलेजात? किंवा "गेलो होतो" चं "गेलतो" कुठे होतं? मुद्दा जितका बारीक, तितकं काम पुरं होण्याची शक्यता जास्त. "सातारी बोलीचा अभ्यास" असा विषय घेतला की शेवटी हाती म्हणींची यादी उरते.

रेकॉर्डिंगमध्ये हमखास बिघडतं ते सांगतो. मोबाइलचं साधं ॲप ध्वनी दाबून साठवतं. सेटिंगमध्ये वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट निवडा. दाबलेली फाइल नंतर वेव्हमध्ये बदलली तरी गेलेला तपशील परत येत नाही. पंखा बंद, फोन तोंडापासून साधारण वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. शब्द सुटा म्हणवून घेऊ नका, यादी वाचल्यासारखा सूर लागतो. "मी ___ म्हटलं" अशा ठरावीक वाक्यात तीनदा घ्या. माणसाचं वय, गाव, तालुका, आईचं गाव, बाहेरगावी काढलेली वर्षं ही नोंद त्याच दिवशी करा. हंगामात ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेल्या माणसाचं बोलणं नोंदीअभावी "सांगलीची बोली" म्हणून खपून जातं आणि सगळा निष्कर्ष वाकडा होतो. परवानगी आधी घ्या. आणि समोरच्याला "शुद्ध बोला" अशी भावना येऊ देऊ नका, नाहीतर तो पुस्तकी मराठीवर जातो आणि तुमचं काम तिथेच संपतं.

तिसऱ्या वर्षी ते लिहून काढा, दहा-बारा पानं. एका मिनिटाच्या ध्वनिमुद्रणाचं बारकाईने लिप्यंतर करायला नवख्याला तासभर सहज लागतो, तेव्हा रेकॉर्डिंग थोडंच करा.

बाहेर जायची तयारी असेल तर पर्याय आहेत. हैदराबाद विद्यापीठात भाषा विज्ञानाचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.ए. आहे, अलीगढला भाषाविज्ञानात बी.ए. ऑनर्स आहे, बनारस हिंदू विद्यापीठात बी.ए.ला हा विषय घेता येतो. हैदराबाद आणि बनारसला सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) लागते, तिचे फॉर्म साधारण बारावीच्या बोर्ड परीक्षेच्या आसपास निघतात. नीट आणि सीईटीच्या गडबडीत आपल्याकडे ती तारीख निघून जाते. कोणत्या विद्यापीठाला कोणते पेपर हवेत ते फॉर्म भरण्याआधी बघा. ट्रिपल आयटी हैदराबादला संगणकशास्त्र आणि संगणकीय भाषाविज्ञान अशी पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे, पण त्यासाठी बारावीला गणित हवं आणि खर्च लाखांत जातो.

दाखल्यांचं वेगळं सांगतो, कारण यात प्रवेश हुकतात. केंद्रीय विद्यापीठांना ओबीसीचा नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही तपासा. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, तिथे त्याचा उपयोग नाही. दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा असतो, त्यामुळे एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात अर्ज टाका.

वाचा-श्रवण उपचाराचा बीएएसएलपी हा अभ्यासक्रम वेगळा आहे, त्याला विज्ञान शाखा लागते. दोन्ही एकच समजून कला शाखेत गेलेल्यांना नंतर ती वाट बंद असते.

नववी ते बारावीतल्यांना विषय झेपेल का हे पाहायचं असेल, तर पाणिनी लिंग्विस्टिक्स ऑलिम्पियाडचे जुने प्रश्न सोडवा. अनोळखी भाषेतली वाक्यं आणि त्यांचे अर्थ दिलेले असतात, नियम आपण शोधायचा. पाठांतर काही लागत नाही. दोन-तीन तास एका प्रश्नावर बसूनही उठावंसं वाटलं नाही, तर घरच्यांशी पाच वर्षांच्या खर्चाचं बोलायला हरकत नाही.