1098 ला फोन केला म्हणजे मूल हिरावून नेतात? नाही.

गेल्या पंधरवड्यात एक मेसेज आमच्या बचतगटाच्या ग्रुपवर तीनदा आला. मग शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला. शेवटी माझ्या भावानेच तो मला पाठवला आणि विचारलं, ‘हे खरं आहे का गं?’ मेसेजचं सार असं: 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरवर चुकूनही फोन करू नका. फोन गेला की पोलीस येऊन मूल उचलतात, रिमांड होममध्ये टाकतात आणि आईबापांना पुन्हा भेटू देत नाहीत. मुलं दत्तक देऊन पैसा कमावतात. फोन करणाऱ्याचं नाव घरच्यांना कळवतात, आणि पुरावा देता आला नाही तर केस त्याच्यावरच होते. शेवटी नॉर्वेचं उदाहरण देऊन ‘तेच आता आपल्याकडे’ असं म्हटलंय.

मी अकरा वर्षं गृहचौकशीचं काम करतेय. मुलाच्या घरी जायचं, शेजारीपाजारी आणि शाळेत बोलायचं, आणि जे दिसलं ते बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, लिहून ठेवायचं. हा मेसेज वाचून मला राग आला, पण त्याहून जास्त काळजी वाटली. ज्या घरात रात्री मूल मार खातंय त्याच्या शेजारीही तो पोचलाय.

मूल उचलून नेतात, हा पहिला दावा. फोन गेल्यावर काय होतं ते आधी सांगते. ही सेवा मुंबईत 1996 साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना स्वतः मदत मागता यावी, हा तिचा हेतू होता. 2023 पासून ती मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या केंद्राच्या योजनेखाली सरकार स्वतः चालवतं आणि ती 112 या तातडीच्या मदतीच्या नंबरशी जोडलेली आहे. फोन घेणारी व्यक्ती सगळ्यात आधी एकच गोष्ट ताडून बघते: या क्षणी मुलाच्या जिवाला धोका आहे का? असेल तर पोलीस लगेच निघतात, आणि निघायलाच हवेत. नसेल तर माहिती जिल्ह्याच्या पथकाकडे येते. कितीतरी फोन शाळेचा दाखला, दवाखाना, स्टेशनवर चुकलेलं पोर असल्या कारणांचे असतात आणि तिथल्या तिथे मार्गी लागतात. समितीपर्यंत ते जातच नाहीत.

उरलेल्यांमध्ये आम्ही घरी जातो. तिथे काय बघतो? डब्यात पीठ आहे का. मूल झोपतं कुठे. दप्तर खिळ्याला टांगलंय की कोपऱ्यात धूळ खात पडलंय. आई बोलत असताना मूल कुणाच्या तोंडाकडे बघतं. एका घरात सहा वर्षांची मुलगी माझ्याशी छान बोलत होती, पण बाहेर मोटरसायकलचा आवाज आला की दर वेळी वाक्य अर्धवट सोडून दाराकडे बघायची. त्या दिवशी मी पुढचे सगळे प्रश्न थांबवले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिच्या बाईंशी बोलले.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या तिसऱ्या कलमातच तत्त्व लिहिलंय की मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मूल ताब्यात घ्यावंच लागलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला समितीपुढे उभं करावं लागतं. सामाजिक तपासणी, म्हणजे आमची गृहचौकशी, 15 दिवसांत पुरी करायची आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत द्यायचा, असं कायदा सांगतो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक स्त्री हवीच. समितीला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. एखाद्या बाईच्या किंवा साहेबाच्या मर्जीवर मूल कुठे जाईल हे ठरत नाही, आणि आदेश पटला नाही तर अपील करता येतं.

समितीपुढे पर्यायही बरेच असतात. मूल आईबापांकडे परत देऊन नुसती देखरेख ठेवता येते. नातेवाइकांकडे देता येतं. घरात पैसा नाही एवढीच अडचण असेल तर पैशाचीच मदत करता येते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात आणि मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात 4000. भाजी विकणाऱ्या एका आजीचं प्रकरण आठवतं. मुलगा वारला, सून निघून गेली, पदरात दोन नाती. कुणीतरी फोन केला म्हणून मी गेले, तर आजीने दोघींना माजघरात लपवलं आणि उंबऱ्यावर आडवी बसली. ‘पोरी न्यायला आलीस ना?’ तिला समजवायला माझी अख्खी दुपार गेली. त्या नाती आजही तिच्याकडेच आहेत आणि बालसंगोपनाचे पैसे तिच्या खात्यात येतात.

या प्रकरणात माझी तक्रार आहे, पण ती मेसेजवाल्याच्या अगदी उलटी आहे. मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी एका कार्यालयाने त्या आजीला चार खेपा घालायला लावल्या. दर खेपेला तिचा एका दिवसाचा धंदा बुडाला. पैसे सुरू व्हायला आठ महिने लागले. आपल्याकडचं खरं दुखणं हे आहे. यंत्रणा मुलांवर झडप घालत नाही, ती उशिरा पोचते. समितीवरच्या नेमणुका रखडतात, एकेका कार्यकर्तीकडे पेलणार नाहीत इतकी प्रकरणं असतात, तेच प्रश्न मुलाला तीन ठिकाणी तीन वेळा विचारले जातात. बहीणभावांना वेगवेगळ्या बालगृहांत ठेवावं लागलं, तेव्हा त्यांना निरोप देताना मीही रडले आहे. यावर हवं तेवढं भांडा, मी तुमच्यासोबत आहे.

रिमांड होमचं थोडक्यात. लोक ज्याला रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह. तिथे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं असतात आणि त्यांचं काम बाल न्याय मंडळाकडे चालतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं बालगृहात जातात, समितीच्या आदेशाने. काही शहरांत दोन्ही एकाच आवारात आहेत, म्हणून लोकांची गल्लत होते. बालगृहात आईबापांना भेटता येतं. मुलाला ज्यांच्यापासूनच धोका आहे त्यांच्या भेटीवर मात्र बंधन येतं, आणि ते यायलाच हवं.

आता दत्तकाचा आरोप. हा सगळ्यात वाईट, कारण तो ऐकून गरीब आईच्या पोटात गोळा येतो. आई किंवा बाप मुलाला सांभाळायला तयार आहे आणि त्यांच्यापासून मुलाला धोका नाही, तर केवळ गरिबीपायी ते मूल दत्तक जाऊ शकत नाही. सापडलेल्या बाळाचे आईवडील आधी शोधावे लागतात. ते सापडले नाहीत तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं घोषित करता येतं, तेही समितीच्या किमान तीन सदस्यांच्या निर्णयाने. आईने स्वतः मूल सोपवलं तरी तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. मूल विकणं किंवा विकत घेणं या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड आहे. मुलांची विक्री होते, हे मी नाकारत नाही. पण ती समिती टाळून होते. दवाखान्यातून परस्पर, ओळखीच्या दलालामार्फत, ‘कागदपत्रांची भानगड नको’ असं म्हणत. या मेसेजने घाबरलेली एकटी आई नेमकी त्या दलालाच्या दारात जाईल.

पुरावा नसेल तर केस तुमच्यावरच होते, हा दावा कायद्याला डोक्यावर उभा करतो. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असेल, नुसती घडण्याची भीती वाटत असेल, तरी कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, ते पोलिसांचं आहे. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. शिक्षा मुद्दाम, द्वेषाने खोटी तक्रार करणाऱ्याला आहे. आणि गप्प बसणाऱ्यालाही आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. हे फक्त कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा माहिती न कळवल्याबद्दल एका डॉक्टरवर गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्याचा आदेशच बाजूला ठेवला. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापुरात लोक रुळांवर उतरले, त्यामागेही तक्रार वेळेत न घेतल्याचा संताप होता.

नाव न सांगताही 1098 ला फोन करता येतो. मूल कोण हे जाहीर करणं तर कायद्याने गुन्हाच आहे. एक मात्र स्पष्ट सांगते. गंभीर गुन्हा तुम्ही डोळ्यांनी पाहिला असेल तर पोलिसांना तुमच्या जबाबाची गरज पडू शकते. ते ओझं खरं आहे आणि मी ते हलकं करून सांगणार नाही.

नॉर्वेबद्दल. 2011 साली तिथल्या बालसेवेने एका बंगाली कुटुंबाची दोन मुलं ताब्यात घेतली होती, ते खरं आहे. मुलं भारतात आल्यावर काय झालं ते मेसेजमध्ये नाही. बर्धमानच्या बाल कल्याण समितीने आई मुलांना सांभाळायला सक्षम आहे असा निर्णय दिला, आणि जानेवारी 2013 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने मुलं तिच्या स्वाधीन केली. ज्या समितीची भीती घातली जातेय, तशाच एका समितीने त्या आईची बाजू उचलून धरली होती.

मेसेजला इतकं काय मनावर घ्यायचं, असं भाऊ म्हणाला. मला राईनपाडा विसरता येत नाही. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली आणि भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्यानंतर मी गळ्यात ओळखपत्र आणि सोबत गावची अंगणवाडी सेविका असल्याशिवाय कुठल्याही वस्तीवर जात नाही.

हा मेसेज ग्रुपवर आला त्याच संध्याकाळी एक बाई माझ्याकडे आल्या. शेजारच्या खोलीत आठ-नऊ वर्षांचा मुलगा रोज रात्री दहापर्यंत रडतो, दाराला बाहेरून कुलूप असतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ‘ताई, मग करू की नको फोन?’ माझ्यासमोरच त्यांनी 1098 लावला. मुलाचं वय काय, आत्ता कुठे आहे, अंगावर मार दिसतो का, घरी मोठं माणूस केव्हा असतं, एवढंच विचारलं. नाव सांगायला त्या कचरल्या, तर पलीकडून ‘राहू द्या’ म्हणाले. दोन दिवसांनी पथकातल्या दोघी आल्या. त्या आधी शाळेत गेल्या, मग आईच्या कामाच्या ठिकाणी, घरी सगळ्यात शेवटी. बाप गावाकडे निघून गेलेला, आई दोन पाळ्या करत होती, आणि वस्तीची भीती वाटते म्हणून कुलूप घालत होती. मुलगा आईपाशीच आहे. बालसंगोपनाचा अर्ज गेलाय, तिची रात्रीची पाळी बदलून मिळालीय. फोन कुणी केला हे तिला माहीत नाही. कामावर जाताना ती आता घराची किल्ली शेजारच्या बाईंकडे ठेवून जाते.